दाराबाहेरची किल्ली

जबाब देणार : चेत्तीना एल्लूल, विधवा, वय ७४, धंदा लेस विणणे, राहणार बंदरावरचा जुना व्हिला, किल्ल्याच्या तटाखाली, माल्टा.

मी ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, सदर व्हिला माझ्या वडिलांचा असून मी तिथे एकटी राहते. आमच्या गल्लीत दाराची किल्ली बाहेरून कुलपातच ठेवतात. शेजारीण येते, किल्ली फिरवते, आत येते. माझ्या जन्मापासून हेच चालत आले आहे.

माझा भाचा नार्दू बुगेजा याला व्हिला पर्यटकांना भाड्याने द्यायचा आहे. मी चर्चच्या सिस्टरांच्या वृद्धाश्रमात जावे, असे तो म्हणतो. माझ्यामागे घर त्याचेच आहे, पण त्याला धीर नाही. सोमवारी तो गरम पास्तित्सी, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत पुड्या, घेऊन आला, मला प्रेमाने खाऊ घातले आणि जाताना म्हणाला, “आत्या, दिवस वाईट आलेत. किल्ली अशी बाहेर ठेवतात का? मी नेतो. वृद्धाश्रमाला हो म्हणालीस की देईन.” त्याने बाहेरून दोन फेरे दिले. तसे केले की दार आतून उघडत नाही. मला आधी ती थट्टाच वाटली.

तो रोज जेवण आणत होता. मला उपाशी ठेवले, असे माझे म्हणणे नाही.

मागच्या खिडक्यांसमोर तटाची भिंत आहे. पुढच्या सज्जातून हाक का मारली नाही, असे साहेबांनी विचारले. शेजारीण ग्रेत्सियाने रिकामे कुलूप पाहून खालूनच टोमणा मारला होता, “काय गं चेत्तीना, आम्ही आता चोर झालो वाटतं?” मी म्हणाले, “किल्ली गंजली गं, घासायला दिलीय.” नार्दूला मी मांडीवर खेळवले आहे. गल्लीत त्याचे नाव कसे घेणार? एकदा खोटे बोलल्यावर मला दुसरे काही बोलता येईना. मी सज्जात लेस विणत बसायचे. येणारे-जाणारे हात करायचे, मीही करायचे.

शनिवारी संताची मिरवणूक निघाली. माझा नवरा हयातभर मूर्ती खांद्यावर वाहणाऱ्या भोयांत होता. अशा घरापुढे मूर्ती थांबते आणि त्याची विधवा खाली येऊन फूल वाहते. मूर्ती थांबली, बँडही थांबला. मी फूल घेऊन सज्जात उभी होते. ग्रेत्सिया म्हणाली, “अगं, उतर की खाली. संताला ताटकळत ठेवतेस?” नार्दूही आता भोयांत आहे, तो मूर्तीच्या पुढच्या दांडीला खांदा देऊन उभा होता. मी बराच वेळ त्याच्याकडे पाहिले. मग म्हणाले, “किल्ली नार्दूच्या खिशात आहे.” मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

खांद्यावर संत असल्याने नार्दूला हलता येईना. ग्रेत्सियाने त्याच्या खिशात हात घालून किल्ली काढली व दार उघडले. मी खाली येऊन फूल वाहिले. नार्दूने चर्चपर्यंत खांदा सोडला नाही.

त्याला शिक्षा व्हावी, असे मला वाटत नाही. ग्रेत्सियाने ठाण्यात जमा केलेली किल्ली साहेबांनी आज माझ्या हातात दिली. ती दाराबाहेर लावली, तर नार्दू पुन्हा येईल. आत घेतली, तर दिवस वाईट आलेत हे त्याचेच म्हणणे खरे ठरेल.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. साहेब म्हणतात, आता घरी जा. मी थोडा वेळ इथेच बसते.