नाव पुकारलं म्हणून

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या जिल्हा फुटबॉल संघटनेचे कारभारी अण्णा, व्यासपीठावरची मोठी माणसं, माझ्या टीमचे गडी, आणि पेठहून टेम्पोत उभं राहून नाशिकला आलेल्या आयाबहिणींनो, रामराम.

मी गोटीराम. सातवीत शाळा सुटली, आता वापीला कारखान्यात असतो. एका जागी बूड टिकत नाय माझं, भाषण कुठलं येणार? पण आपला कॅप्टन मनोज उद्या माझ्यासोबतच कामाला निघतोय, म्हणून त्याच्या निरोपाचं तूच बोल म्हणाले.

आपली रीत तुम्हाला ठाऊक हाय. मॅचआधी कॅप्टन एकेकाचं नाव पुकारतो, घरचे मैदानाच्या काठावरून 'हाय' म्हणतात. कोणी तापानं पडला असला तरी त्याचं नाव घेतातच. मागच्या फायनलला मनोजनं पुंजाचंही घेतलं. पुंजा आपला गोलकीपर. बांधावरच्या भांडणात त्याच्या काठीनं माणूस मेला, जन्मठेप झाली. काठावरून त्याची आई फुलाबाई बोलली, "हाय." मग सगळं गाव बोललं.

संघटना म्हणाली, शिक्षा झालेल्याला जाहीर पाठिंबा दिला. मनोजला कायमची बंदी, आणि मनोजचं नाव पुन्हा कुठं पुकारलं तर अख्खी टीम बाद. म्हणजे पुंजाला जन्मठेप कोर्टानं दिली, मनोजला तुम्ही. अण्णा, सही तुमची, मघाशी त्याला शालही तुम्हीच घातलीत. राग मानू नका, शाल चांगली हाय.

मी तावातावानं तुमच्या घरी आलो होतो. म्हणालो, ज्या शेठच्या नावाचा चषक देता, त्यांनाही कोर्टानं शिक्षा दिली होती ना? तुम्ही चहा मागवलात. म्हणालात, "गोट्या, चषक बोलत नसतो रे."

चहा पिऊन मी परत आलो.

पण खरं सांगतो, एक गोष्ट मलाही सुटत नाय. मेलेल्याची आई लंकाबाई त्या दिवशी काठावरच होती. तिचा धाकटा आपल्यातच खेळतो. गाव 'हाय' म्हणालं तशी ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी मनोज तिच्या दारात. "मावशी, पुंजानं केलं ते बरोबर म्हणून नाय पुकारलं."

ती म्हणाली, "मग माझ्या लेकाचं पण घ्यायचं होतंस. तो कोणाचा होता?"

बंदीला मनोज रडला नाय. तिथं रडला. अण्णा, तुम्ही शिक्षा दिलीत ती लंकाबाईसाठी म्हणता. तिच्या दारात तुमचं कोण गेलं?

असो. जाता जाता रीत पाळतो. कॅप्टन मनोज.

कोणीच 'हाय' बोलत नाय. बरोबर हाय. फुलाबाई, तुम्हीसुद्धा पदर तोंडाला लावलात, तेही बरोबर. लंकाबाईच्या धाकट्याला रविवारी खेळायचंय.

ऐकून घेतलंत, उपकार झाले. जीभ घसरली असेल, नाव पुकारलं असेल, तर ते माझ्या एकट्याच्या पदरात टाका, अण्णा. टीमच्या नको.