पीठ कुणाला सांगितलं

फ्योर्डची खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत माझ्यामागच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. लॅपटॉप आईच्या मांडीवर होता.

"सुनिव्हा, बघ गं. तासाभरात प्रोग्रॅमिंगच्या वर्गात दाखवायचंय आणि हे अडून बसलंय. काल सगळं चालत होतं!"

"काय म्हणतंय?"

"'पीठ' म्हणजे काय ते ठाऊक नाही म्हणे. बनपावांचा हिशेब करायचा आणि पीठ ठाऊक नाही!"

"काल कसं करून बघितलंस?"

"त्या काळ्या खिडकीत. ओळ लिहायची, एंटर दाबायचं, लगेच उत्तर. चाललेल्या ओळी मग फाइलीत उतरवल्या."

"आणि पीठ दोन किलो, ही ओळ?"

"ती तर अगदी सुरुवातीलाच सांगितली होती."

"खिडकीला सांगितलीस. बंद करेपर्यंत ती लक्षात ठेवते. फाइलीला लिहिलंय तेवढंच कळतं. म्हणून म्हणते, छोटी फाइल कर आणि दरवेळी पहिल्यापासून चालव."

"थांब, लिहिते वर. चाललं गं बाई! छत्तीस बन."

"बघ! पण आई, या वयात हे खूळ कुठून आलं?"

"अगं, नाताळनंतर आमची बेकरी बंद होतेय ना. सांगितलं होतं की तुला."

"बाबांना सांगितलं असशील."