एक खोली जास्त

लिवून घ्या ताई, मी ज्ञानोबा, पर गावात समदी मिस्त्रीच म्हणत्यात, नाव कुणाच्या ध्यानात बी नसंल. आमचं गाव निघोज्याला लागूनच, चाकणच्या कंपन्या यायच्या आधी हितं नुसती बाजरी आन् भुईमूग. बाप दगड-मातीची घरं बांधायचा, त्याच्या हाताखाली चिखल तुडवत तुडवत मी शिकलो. तवा घर म्हंजी काय, आधी म्होरं ओटा, मंग पडवी, मंग माजघर, मागं परसू. आन् दार येवढं रुंद की पाठीवर पोतं घेतलेला माणूस सरळ आत गेला पायजे, तिरकं व्हायचं काम न्हाई. बाप दाराच्या जागेवर दोन्ही हात पसरून उभा राहायचा आन् म्हणायचा, हं, आता बांधा.

मंग कंपन्या आल्या. लातूरची, बीडची, पार बिहारची माणसं आली आन् त्यांना राहायला खोल्या पायजेत. काय सांगू ताई तुमाला, ओटे गेले, परसू गेलं, गोठ्यात बी खोल्या झाल्या. कुणाला घर नकोच व्हतं, ज्याला त्याला खोल्या. मी जागेवर चुन्याची फक्की मारून आखणी करायचो आन् मालक इचारायचा, मिस्त्री, किती बसत्यात? दुसरा गवंडी सात म्हणला की मी आठ बसवून दाखवायचो. खिडकी बारीक करायची, मोरी कोपऱ्यात दाबायची आन् जिना काढायचा अडीच फुटी. जिन्याला वळणावर लँडिंग द्यायचंच न्हाई, तिथं तिकोनी पायऱ्या मारायच्या, तेवढीच जागा वाचती. पंचक्रोशीत नाव झालं की ज्ञानोबाला बोलवा, एक खोली जास्त काढून देतो. मला बी लई भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आन् सोताचं घर बांधलं तवा तर इचारूच नका. बापाचं मातीचं घर पाडलं, खाली आठ खोल्या, मधनं बोळ, वर आमी. आठवी खोली जिना दाबून त्यातनंच काढली. वर सगळीकडं मार्बल लावलं, संपतची, म्हंजी माझ्या पोराची हौस, तो कंपनीत शिफ्टला जातो. मंडळी एकदाच म्हणली, अवो, बसायचं कुठं मी? म्हणलं गच्चीवर बस की, येवढी मोठी गच्ची केलीय तुला. तिला सवय ओट्यावर बसून धान निवडायची, येणाऱ्या-जाणाऱ्या बायांशी बोलायची. गच्चीवर कोण येतंय बोलायला, चहूकडं कंपन्यांचे पत्रे आन् पाण्याच्या टाक्या.

मंग तिच्या अंगावरनं वारं गेलं. डावी बाजू पार लुळी. दवाखान्यातनं घरी आणली तवा चादरीची झोळी करून चौघांनी वर चढवली, त्या तिकोनी पायऱ्यांवर एकाचा पाय घसरला, तिचं कोपर भिंतीला खरचटलं आन् ती वरडली. त्या दिसापासनं तिला खाली न्यायची कुणाची छाती झाली न्हाई. बोलणं जड झालेलं तिचं, पर येवढं स्पष्ट बोलायची, मला खाली न्या. रोज. सकाळी चहा पाजताना म्हणायची, रोज म्हणायची, मला खाली न्या.

तुमी म्हणाल खालच्याच एका खोलीत ठेवायची की. संपतला म्हणलो तसं. तो म्हणला, दादा, वर मार्बल आन् आईला भाडेकरूंच्यात ठेवली, लोक त्वांड वर काढू देतील का? मला बी ते पटलं. मंग मी तिला म्हणलो, आठवी खोली रिकामी झाली की भिंत फोडतो, जिना चांगला चार फुटी करतो, खुर्चीत बसवून खाली नेतो. आठवीत लातूरचं जोडपं व्हतं, बाई पोटुशी, तिला कसं उठवायचं? बरुबर हाय का न्हाई? पर ताई, ती बाळंतपणाला माहेरी गेली, नवऱ्यानं बी खोली सोडली आन् खोली रिकामी झाली. दुसऱ्या दिशी एक जण बॅग घेऊन दारात उभा, म्या चावी दिली. पुढच्या वर्षी तो बी गेला, खोली परत रिकामी. परत दिली. मंडळीला म्हणलो, दिवाळी होऊ दे.

अशी तीन वर्सं वर राहिली आन् एक दिस सकाळी गेली. लेक जुन्नरहून यायची व्हती, तिच्यासाठी थांबलो, तवर अंग ताठ झालं. तिला उचलून जिन्यात चौघं शिरले, वळणावर अडकले, वर न्हाई आन् खाली न्हाई. माझा चुलतभाऊ म्हणला, मिस्त्री, हे वळत न्हाई. मला म्हणला, मिस्त्री! परत वर नेली. मंग विटा चढवायची कप्पी व्हती गच्चीवर पडलेली, ती लावली, परांचीची फळी घेतली, आन् दोरानं मीच बांधली तिला. गाठी मीच मारल्या, दुसऱ्या कुणावर भरवसा न्हाई माझा. आख्खा गाव वर त्वांड करून उभा. शिफ्टला निघालेली पोरं हेल्मेट काढून उभी. खाली अंगण न्हाई, तवा बोळातल्या कोब्यावर, नळापाशी तिला आंघोळ घातली. भाडेकरणींनी वाळत घातलेली कापडं काढून घेतली आन् आडोसा धरला. त्या परमुलखातल्या बायांनी धरला, देव त्यांचं भलं करो.

तेरावं झालं आन् म्या आठवी खोली फोडली. सोता फोडली. जिना केला चार फुटी, मधी लँडिंग, खाट घेऊन चढा, कुठं घासायचं न्हाई. गावात म्हणत्यात, बायकोवर लई जीव म्हाताऱ्याचा. संपत बी तेच सांगत फिरतो. मी ऐकून घेतो. पर तुमी लिवून घेताय तर खरं लिवा. तिच्यासाठी असता तर तीन वर्सं व्हती की माझ्यापाशी, दोनदा चावी हातात आली व्हती. ती दोराला बांधलेली खाली गेली तवा मी गच्चीवरनं बघितलं आन् मला माझं भ्या वाटलं, ताई. आता माझा नंबर हाय. ह्यो जिना म्या माझ्यासाठी बांधला.

चला, उशीर केला तुमाला. सुखी राहा. भिंतीकडनं उतरा, कठडा अजून बसवायचा हाय.