जावयाच्या कॅल्क्युलेटरचा नारळ

अगं, आमच्या जावयाचं ऐक! कॉलेजातला त्याचा आलेख काढायचा कॅल्क्युलेटर कितीतरी वर्षं बंद होता. लिंबानं गंज घासून, नवे सेल घालून त्यानं तो चालू केला. आयुधपूजेला कौतुकानं देवापुढं ठेवला. मी हळूच सेल काढून आमच्या ह्यांच्या बारक्या रेडिओत घातले. संध्याकाळी बटण दाबतो तर काहीच नाही! तोंड एवढंसं झालं.

म्हटलं, "नारळ फोडला नाहीस, रुसलाय तो."

एवढा इंजिनियर, पण गेला की दारात नारळ फोडायला! तेवढ्यात मी सेल परत घातले. आता बटण दाबताच वाकडी रेघ उमटली. माझ्या पायाच पडला.

इतक्यात आतून हे ओरडले, "रेडिओ का गं बंद पडला?"

जावयानं माझ्याकडं बघितलं. "स्वल्प थांबा अक्का, मामांच्या रेडिओला पण नारळ आणतो."