सूनमुखाचा फोटो

नाही नाही, अनसूयाकाकू, झूम नका करू — म्हणजे करा, लग्न तुमच्याच घरचं — पण झूम केल्यानं चेहरे काही स्पष्ट होणार नाहीत, माझी चूक तेवढी मोठी दिसेल. हो, आरशाची चौकट छान आलीय. तिच्यावरचं गढा बाजारातल्या दुकानाचं स्टिकरसुद्धा वाचता येतं. फक्त आरशातल्या तुम्ही आणि हेमलता — दोघी जरा — धुक्यात आहात.

काहून झालं सांगू? मी फोकस आरशावर लावला. तुम्ही आरशात दिसून राहिल्या ना, मग आरशावरच लावणार! पण कॅमेऱ्याच्या हिशोबानं तुम्ही काचेवर नसता, जेवढ्या काचेच्या पुढं बसल्या तेवढ्याच तिच्या मागं असता — हे मला कधी कळलं? काल घरी गेल्यावर, बाथरूमच्या आरशापुढे. त्यात लेन्सचं तोंड मी पूर्ण उघडं ठेवलेलं, आणि अगदी हातभर अंतरावर घुसलेली. तोंड जितकं उघडं, आपण जितकं जवळ, तितकी स्पष्ट येणारी पट्टी बारीक. बोटभर. त्या बोटभरात स्टिकर मावलं, सासू-सून नाही मावल्या. आणि जवळ काहून गेली? तर बँडवाल्यानं ढोल बडवला, मी दचकली, लोक मागं सरतात, मी पुढं!

हो, तुम्हाला आधी दाखवलेले फोटो सुंदर होते — ते भेडाघाटच्या संगमरवरी मूर्तींचे होते, काकू. त्या हलत नाहीत, घाई करत नाहीत. माणसांचं लग्न हे माझं पहिलंच — अरे देवा, हे सांगायचं नव्हतं.

उद्याच्या रिसेप्शनला दुसऱ्या फोटोवाल्या भैयांना बोलवा, चालेल मला. पण हेमलतानं माझ्याजवळ एकच फोटो मागितला होता, ताई, आरशातला तेवढा नीट काढा म्हणून. तिला आई नाही. आणि तुम्ही तिच्याकडे बघून रडल्या — बरं, नव्हत्या रडल्या. होमाचा धूर होता. चलो, धूर.

काय? आत्ता? तिला बोलावून राहिल्या, आरसा घेऊन? थांबा, थांबा — मी दोन पावलं मागं जाते. लेन्सचं तोंड बारीक केलं. खिडकीचा उजेड पुरेल. फोकस काचेवर नाही, आरशातल्या हिच्या डोळ्यांवर. काकू, माझ्याकडे नका बघू, तिच्याकडे — हं — हेमलता, हात खाली — नको, नको, राहू दे, धरून ठेव त्यांचा —