व्हॉल्व्हच्या उबेवर

तुम्हाला सांगते, लग्नाला चार महिने झाले, पण पिपरी मेघेच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर अजून कोणी जेवलेलं नाही. तिथं नवऱ्यानं स्वतः जुळवलेला ॲम्प्लिफायर असतो. पुढे बल्बसारखे तापणारे काचेचे व्हॉल्व्ह, मागे ट्रान्झिस्टर. रोज त्यात काहीतरी बदलून, एकच गाणं लावून तो विचारतो, "फरक जाणवून राह्यला का?" मी "हो" म्हणते.

रविवारी तोच कंटाळला. "व्हॉल्व्हची घरघर जातच नाई. मोडतो सगळं."

मी टेबल पुसायला फडकं आणलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. "काऊन मोडून राह्यला रे? या थंडीत माह्यं दही त्याच्याच उबेवर तं लागते!"

नवऱ्याचा चेहरा उजळला. "मंग कधीपर्यंत चालू ठेवू, आई?"

"उन्हाळा लागेस्तोवर."