वाचनालयाचं वळण

मेकॅनिक: गाडीचं काम झालंय, ताई. नवं ऑइल भरलं, प्रेशरचा काटा जागेवर आला. पण चावी द्यायच्या आधी एक विचारायचंय.

मुलगी: वायरच सैल होती ना? बाबा म्हणत होते, ऑइलचा दिवा उगाच लागतो.

मेकॅनिक: सगळे असंच म्हणतात. वाईट बातमी आणणाऱ्याच्याच कानाखाली वाजवायची. दिव्यात खोट नव्हती. सेन्सर काढून त्या जागी मी माझा मीटर लावला. इंजिन थंड असताना ऑइलचं प्रेशर ठीक. तापल्यावर काटा पार लोळला. ही ऑइल मोजायची पट्टी, तुम्हाला दाखवायची म्हणून मुद्दाम पुसली नाही. ऑइल या दोन खुणांच्या मध्ये हवं.

मुलगी: हे तर खालच्या खुणेलाही लागलेलं नाही.

मेकॅनिक: आणि जे होतं ते काजळीसारखं काळं.

मुलगी: गळत होतं?

मेकॅनिक: खाली एक थेंब नाही. जळलं. जुनी गाडी थोडं ऑइल पिते. पण एवढं प्यायला तिला पुष्कळ पळावं लागतं.

मुलगी: पळते कुठे ती? घर ते वाचनालय. दहा मिनिटं जायला, दहा यायला. बाबा दुसरीकडे जातच नाहीत.

मेकॅनिक: दिवा तुम्ही स्वतः पाहिलात?

मुलगी: परवा. मी खाली दारातच होते. गाडी येऊन थांबली, लाल दिवा लागलेला. मला बघितलं आणि त्यांनी झटकन चावी काढली.

मेकॅनिक: दहा मिनिटांत तो दिवा लागत नाही. मी पाऊण तास इंजिन चालू ठेवून बसलो, तेव्हा कुठे लुकलुकला.

मुलगी: गर्दीत अडकले असतील.

मेकॅनिक: पुढचं दार उघडा जरा. कडेला चिठ्ठी चिकटवलीय, माझ्याच हातची. मागच्या वेळी ऑइल बदललं तेव्हाचे किलोमीटर.

मुलगी: एकसष्ट हजार दोनशे.

मेकॅनिक: आता समोरचा आकडा वाचा.

मुलगी: सत्तर हजार… सातशे.

मेकॅनिक: मधे चारच महिने गेलेत.

मुलगी: तुमच्याच लिहिण्यात काहीतरी चुकलं असेल.

मेकॅनिक: चुकलं असतं तर बरं झालं असतं. मग ऑइल कशानं जळलं? रोजचे ऐंशी किलोमीटर पडतात, ताई. दुसरं कुणी चालवतं का?

मुलगी: कुणी नाही. चावी त्यांच्या खिशात असते. आज तुम्हाला द्यायलाही तयार नव्हते.

मेकॅनिक: तेही माझ्या ध्यानात आलं.

मुलगी: सोमवारपासून ते माझ्या मुलीला शाळेतून आणणार आहेत. म्हणून तर मी गाडी दाखवायचा हट्ट धरला. गेल्या गुरुवारी एकदा आणलं होतं तिला.

मेकॅनिक: वेळेवर?

मुलगी: अडीच तास उशिरा. चाक पंक्चर झालं, स्टेपनी लावली म्हणाले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एकट्यानं चाक बदललं, म्हणून मी शेजारीपाजारी कौतुक सांगत सुटले… का हो? असे का बघताय?

मेकॅनिक: हवा भरायला मी आत्ता स्टेपनी पाहिली. तिचा बोल्ट गंजून बसलाय. दोन वर्षांत तरी ती जागची हललेली नाही.

मुलगी: पोरगी म्हणाली होती, आजोबांनी मला लांबची नदी दाखवली. मी म्हटलं, पुरे झाल्या गोष्टी, हातपाय धू.

मेकॅनिक: काका बाहेर बाकावर बसलेत. मी विचारतो. तुम्ही विचारलंत तर ते लगेच तुमचे वडील होऊन बोलतील.

मुलगी: विचारा.

(वडील आत येतात. येतानाच चावीसाठी हात पुढे केलेला.)

वडील: काय रे, वायरच होती ना?

मेकॅनिक: वायर नव्हे, काका. ऑइल तळाला गेलं होतं. आणखी थोडे दिवस रेटलं असतंत तर भर रस्त्यात इंजिन जाम झालं असतं.

वडील: एकतीस वर्षं बस चालवली मी. इंजिन कधी जाम होतं ते तू मला शिकवणार?

मेकॅनिक: शिकवत नाही, विचारतोय. दिवा लागतो केव्हा?

वडील: परतताना. नाही… परतायच्या आधी.

मेकॅनिक: कुठून परतायच्या?

वडील: परतायच्या आधी, म्हटलं ना.

मुलगी: बाबा, वाचनालयातून?

वडील: तू थांब गं जरा. आमचं गाडीचं चाललंय.

मेकॅनिक: बरं, दिवा लागला की तुम्ही काय करता?

वडील: वळतो.

मेकॅनिक: वळता?

वडील: वाचनालयाचं वळण हल्ली येत नाही. आत्ता येईल, मग येईल, म्हणत पुढे जातो. पाट्या दिसतात. गावांची नावंही ओळखीची असतात, सगळी माझ्या बसच्या वाटेवरची. पण कुठलं गाव कुठल्या अंगाला, ते काही जुळत नाही. मग कुठेतरी वेग कमी होतो आणि हा दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे फार लांब आलो. गाडी उलटी वळवायची आणि मधे कुठेही रस्ता सोडायचा नाही. घर येतं.

मुलगी: बाबा…

वडील: येतं की नाही? एक दिवस तरी चुकलोय का घरी यायला?

मुलगी: गुरुवारीसुद्धा असंच? ती गाडीत असताना?

वडील: तिला कळू दिलं नाही मी. मोठा पूल लागला, तर नदी दाखवली. हसत होती. हवं तर विचार तिला.

मुलगी: दादा, चावी माझ्याकडे द्या.

वडील: थांब. ऑइल किती घातलंस रे?

मेकॅनिक: जुनं सगळं काढलं, काका. नवं भरलं, पार वरच्या खुणेपर्यंत.

वडील: म्हणजे दिवा आता लागायचा नाही?

मेकॅनिक: इतक्यात तरी नाही.

वडील: मग उद्या मी वळू कुठून?